पोलादी छर्ऱ्यांतील एकाकी तरंग

ध्वनीचा वेग माध्यमाने ठरतो, आवाजाच्या जोराचा त्यावर अंमल चालत नाही, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की, मैफलीत मागे बसलेल्या श्रोत्याला तबल्यावरील हलके आणि जोरकस आघात आपापल्या क्रमानेच ऐकू येतात याचे कोणालाही नवल वाटत नाही. परंतु बेअरिंगमधले सारख्या आकाराचे पोलादी छर्रे एकमेकांना जेमतेम टेकतील असे सरळ रेषेत मांडून पहिल्यावर आघात केला, तर हा कायदा तेथे रद्दबातल होतो.

याचे कारण त्यांच्या स्पर्शात आहे. दोन गोल केवळ एका बिंदूत टेकलेले असतात. ते दाबले जाताच स्पर्शाचे क्षेत्र विस्तारते आणि प्रतिकार दबलेल्या अंतराच्या दीड घाताने वाढतो, हे हाइनरिख हर्ट्झ यांनी 1882 मध्ये दाखविले. शिवाय छर्रे एकमेकांना ढकलू शकतात, ओढू शकत नाहीत. या दोन बाबींवरून सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिटाली नेस्टेरेन्को यांनी 1983 मध्ये असा निष्कर्ष काढला की, आधी दाब न दिलेल्या रांगेत सामान्य ध्वनीचा वेग शून्य असतो, आणि आघात सुमारे पाच छर्ऱ्यांच्या रुंदीचा आटोपशीर स्पंद होऊन, आपला आकार राखीत, पुढे जातो. या स्पंदाचा वेग त्याच्या स्वतःच्या बळावर ठरतो. मात्र तो दुप्पट व्हावयाचा तर बल चौसष्टपट लागते.

रांग आधीच आवळून ठेवली की वेगही पालटतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अलेसान्द्रो स्पादोनी आणि कियारा दराइओ यांनी 2010 मध्ये अशा अनेक रांगा शेजारी मांडून, त्यांना निरनिराळा दाब देऊन, सगळे स्पंद एकाच बिंदूवर एकाच वेळी पोहोचतील अशी तजवीज केली. द्रव्याच्या जातीपेक्षा रचनेतून गुण घडविणाऱ्या अशा पदार्थांना यांत्रिक मेटामटेरिअल म्हणतात.

पोलादाचे ठीक, रबरासारख्या मृदू पदार्थात मात्र अंतर्गत घर्षण तरंगाला लवकरच गिळून टाकते, आणि त्यावर जो उपाय योजला गेला त्यात मला या शास्त्राची खरी प्रतिभा दिसते. 2016 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दोन स्थिर अवस्था असलेल्या वाकलेल्या रबरी पट्ट्यांची साखळी घडविली. वाऱ्याने छत्री उलटावी तशी प्रत्येक पट्टी तरंग येताच उलटते आणि आपल्या ठायी साठविलेली ऊर्जा त्याला देऊन घर्षणाची तूट भरून काढते. उलटलेली पट्टी आपोआप पूर्ववत होत नाही; दुसरा संदेश धाडण्यापूर्वी प्रत्येक पट्टी पुन्हा मूळ अवस्थेत आणावी लागते.