फ्रीज गार होईना, तेव्हा

श्रोतेहो, उन्हाळ्यात फ्रीजमधले दूध नासले की घरोघरी एकच निदान होते, "गॅस संपला!" पण हा गॅस चुलीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठे तरी गळती आहे. ती बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. मोटेने विहिरीतले पाणी उपसून पाटात सोडावे, तशी तो आतली उष्णता उपसून बाहेर सोडतो. पाटच तुंबला, तर मोट ओढून काय उपयोग? हा पाट म्हणजे फ्रीजच्या पाठीमागची काळी जाळी. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गल्लोगल्ली माग झाले. मागाजवळच्या घरांत सुताचे बारीक तंतू उडून या जाळीवर बसतात. तिला जणू गोधडीच पांघरतात. मग यंत्र अखंड चालते, पण आत गारवा नाही. प्लग काढून मऊ कुंच्याने जाळी झाडावी आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. काही फ्रीजांत जाळी दिसत नाही. त्यांची उष्णता बाजूच्या पत्र्यांतून जाते. तिथेही हवा खेळू द्या.

मग दार पाहा. फटीत कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला, तर रबर सैल झाले. बर्फ फार साचला असेल, तर फ्रीज बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळी फुटेल, आणि बऱ्याच नव्या फ्रीजांतला आयसोब्युटेन वायू पेट घेणारा असतो.

यंत्र घरघरते आणि 'टक्' करून थांबते, असे वारंवार झाले तर विजेचा दाब पाहावा. तो २३० व्होल्टच्या आसपास हवा. वीज जाऊन आली, की पाच मिनिटे थांबूनच फ्रीज लावावा. दाब ठीक असूनही टक्टक् चालूच राहिली, तर कारागीर बोलवावा.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. फ्रीजला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. प्लगची जाड पिन अर्थिंगची. ती काढून फ्रीज चालवणे जिवाशी खेळ आहे. २०१९ साली पंचगंगेचा पूर इचलकरंजीच्या सखल वस्त्यांत शिरला होता. अशा पाण्यात भिजलेला फ्रीज वरून कोरडा दिसला, तरी तपासल्यावाचून लावू नये. शिक्षकबंधूंनी ही जाड पिन वर्गात मुलांना जरूर दाखवावी. घरी जाऊन ती मोठ्यांना सांगतील.