हॉलमधून गाळ्यात

पूर्ण उंचीचा माणूस 85 मिलिमीटरच्या लेन्सने नीट फ्रेममध्ये घ्यायचा, तर कॅमेरा त्याच्यापासून 16-17 फूट लांब ठेवावा लागतो. त्याची सावली मागच्या पडद्यावर पडू नये म्हणून पडदा आणखी पाच-सहा फूट मागे सरकवायचा. शिवाय फोटो काढणाऱ्याला उभं राहायला जागा हवी. म्हणजे खोली 25 फूट खोल पाहिजे, आणि दिवा डोक्यावरून तिरका सोडायचा तर छतही 10 फुटांच्या वर पाहिजे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या फ्लॅटबद्दल मी लिहिते आहे, त्याचा हॉल 14 बाय 10 आहे. तिथे राहणारी छायाचित्रकार तीन वर्षं त्याच हॉलमध्ये तान्ह्या बाळांचे, गरोदर बायकांचे, हळदीच्या आणि बेदाण्याच्या पाकिटांचे फोटो काढत होती. गिऱ्हाईक यायच्या आधी सोफा स्वयंपाकघराच्या दाराशी सरकायचा आणि मुलाचा अभ्यास शेजारच्या काकूंकडे व्हायचा. बाळ मावत होतं, पाकीट मावत होतं. आजी-आजोबांसह सहा माणसांचं कुटुंब मात्र त्या हॉलच्या फ्रेममध्ये मावत नव्हतं. असं काम तिला नाकारावं लागायचं, आणि जास्त पैसे नेमके त्याच कामाचे मिळतात.

मी कर सल्लागार आहे. लहान धंद्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि कर्जाच्या फायली करते. स्टुडिओसाठी गाळा घ्यायचा म्हणून ती आली, तेव्हा कॅमेऱ्याचे आणि दिव्यांचे कॅटलॉग घेऊन आली होती. मी आधी तिचं बँकेचं स्टेटमेंट मागितलं.

या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच कागद. घरातून चालणाऱ्या धंद्याला पाटी नसते, शटर नसतं, बिलबुक बहुधा नसतं. बँकेच्या दृष्टीने तो धंदा स्टेटमेंटमध्ये दिसला तर आहे, नाही तर नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका उत्तम कमावतात, पण त्यांच्या कामाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात पडतात, कारण मोबाइलवरचा क्यूआर कोड त्याच्या नावाचा असतो. डबे पुरवणारी, ब्लाउज शिवणारी, मेंदी काढणारी, केक करणारी, सगळ्यांची हीच गोष्ट. पाच-सहा वर्षं घाम गाळूनही त्यांच्या नावावर कागदोपत्री एक रुपयाची कमाई नसते. हिने पहिल्या गिऱ्हाइकापासून पैसे स्वतःच्या खात्यात घेतले होते. बारसं, डोहाळजेवण, हळद ऑर्डर, शाळेचं ओळखपत्र असे शेरे नोंदींसमोर होते. गेल्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रंही भरलेली होती. कर लागत नव्हता, तरी भरली होती. फाइल अर्धी तिथेच उभी राहिली.

स्टेटमेंटवरून मी महिन्यांचा तक्ता केला. तुळशीच्या लग्नानंतर आकडे चढतात, वैशाखात सर्वांत वर जातात आणि आषाढ लागला की उतरतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचाही तक्ता थोडाफार असाच दिसतो. हिचा आलेख मात्र चातुर्मासात तळाला जात नव्हता, कारण बाळं बाराही महिने जन्मतात आणि हळदीच्या व्यापाऱ्याला ऑनलाइन विक्रीसाठी पाकिटाचे फोटो बाराही महिने लागतात. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याचा इथला बाजार मोठा आहे. मार्केट यार्डातल्या तीन पेढ्यांचं काम तिच्याकडे कायमचं होतं, त्यातून महिन्याला 15,000 रुपये ठरलेले. बँकेला पटवायची ताकद त्या 15,000 मध्ये होती. हप्ता दर महिन्याला जातो, तो लग्नसराईची वाट पाहत नाही.

तिचा एक नातेवाईक म्हणाला होता, पीएमईजीपीतून घे, सबसिडी मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून चालू आहे. सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा 20 लाखांची. शहरी भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. तिच्या 8 लाखांच्या प्रकल्पावर हे अनुदान 2 लाख होतं. एवढ्या रकमेचा मोह कुणालाही पडेल. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधीपासून चालू असलेला धंदा तिच्यात बसत नाही, आणि हिची उद्यम नोंदणी तर दोन वर्षांपूर्वीची. त्यावरही वाट सांगणारे भेटतात. नोंदणी रद्द करा, यजमानांच्या नावाने नवा धंदा दाखवा, जुनं काही बोलू नका.

मला हा सल्ला घातक वाटतो. तो खोटा तर आहेच, पण शिवाय त्यात माणूस आपली सर्वांत मोठी पुंजी फेकून देतो. नवा धंदा म्हणून दाखवलं की ती तीन वर्षं, ते स्टेटमेंट, त्या तीन पेढ्या, सगळं लपवावं लागतं. मग बँकेसमोर अनुभव नसलेली अर्जदार उरते, आणि वर चौकशीत नोंदणी उघडी पडली की अर्ज तर जातोच, नावही जातं. मी तिला स्पष्ट सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ताई, तीन वर्षं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एडिटिंग केलंय. ते नव्हतंच असं मी कसं लिहून देऊ?” अनुदानाचा विषय तिथेच मिटला.

उरली मुद्रा. ही योजना 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झाली. 50,000 पर्यंत शिशु, तिथून 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. तरुण कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलेल्यांना 2024 पासून 20 लाखांपर्यंतची वाट मोकळी झाली आहे. ‘मुद्रा’ म्हणून वेगळं कुणी पैसे वाटत नाही. कर्ज आपल्या नेहमीच्या बँकेचंच असतं आणि मंजुरीचा निर्णयही तिचाच. लहान उद्योगाला निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. तरीही काउंटरवर “घर कुणाच्या नावावर आहे?” हा प्रश्न येतोच. त्याला शांतपणे उत्तर द्यावं आणि अर्ज कोणत्या योजनेखाली आहे, ते पुन्हा सांगावं.

तिच्या सिबिल अहवालात आकडाच नव्हता. 300 ते 900 मधला गुण तिथे असायचा, त्याऐवजी इतिहास नाही अशी नोंद. गृहकर्ज नवऱ्याच्या नावावर, गाडीचं कर्ज नवऱ्याच्या नावावर, हिने जन्मात कधी उधार घेतलेलं नाही. काटकसरी बाईचा हा गुण बँकेच्या संगणकाला दिसत नाही. अशा वेळी स्टेटमेंट आणि विवरणपत्रं यांनाच बोलावं लागतं.

मग कोटेशनं. बँक यंत्रसामग्रीचे पैसे बहुधा थेट दुकानदाराच्या खात्यात भरते, म्हणून जीएसटी क्रमांक असलेलं छापील कोटेशन लागतं. छायाचित्रकारांच्या जगात वापरलेल्या लेन्सचा बाजार मोठा आहे. चांगली काच पाच-सात वर्षांनीही चांगलीच असते आणि निम्म्या किमतीत मिळते. पण ओळखीच्या माणसाकडून रोखीत घेतलेल्या लेन्सचं बिल नसतं, त्यामुळे ती कर्जात धरता येत नाही. ती स्वतःच्या पैशातून घ्यायची. गाळ्याचं डिपॉझिटही तसंच. ते मालकाकडे पडून राहणारे पैसे, त्यातून वस्तू उभी राहत नाही, म्हणून बँक ते प्रकल्पखर्चात धरत नाही. पहिल्यांदा कर्ज घेणारी माणसं बहुतेक याच ठिकाणी अडकतात. कर्ज मंजूर होतं आणि डिपॉझिटला हातात पैसे नसतात.

पहिला प्रकल्प आम्ही 8 लाखांचा मांडला. पार्टिशन, वायरिंग, रंग आणि एसी 2,60,000. नवा कॅमेरा आणि दोन लेन्स 2,70,000. फ्लॅश, सॉफ्टबॉक्स, स्टँड 1,00,000. संगणक, मॉनिटर, प्रिंटर 1,30,000. पडदे, कागदाचे रोल, बाळांच्या टोपल्या आणि किरकोळ 40,000. तिचे 2 लाख, बँकेचे 6 लाख. 11 टक्के व्याज धरलं तर 60 महिन्यांना हप्ता 13,045 येतो. तेच 84 महिने केले तर हप्ता 10,273 वर उतरतो, पण एकूण परतफेड जवळजवळ 80,000 नी वाढते. हप्ता लहान दिसतो म्हणून मुदत वाढवून घेणाऱ्यांना मी हा हिशेब नेहमी लिहून दाखवते.

त्यानंतर खर्च. गाळ्याचं भाडं 14,000, मदतनीस मुलीचा पगार 9,000, वीज, इंटरनेट, विमा मिळून 4,000, आणि 13,000 चा हप्ता. दर महिन्याला 40,000 बाहेर, तेही तिने स्वतःसाठी एक पैसा घेण्याआधी. पेढ्यांचे 15,000 वजा जाता 25,000. एका बाळाच्या शूटमागे खर्च जाऊन 3,500 सुटतात, म्हणजे महिन्याला आठ शूट केवळ बरोबरी गाठायला. तिने तक्त्यातले श्रावण-भाद्रपद पाहिले. त्यात कधी सात, कधी सहा. मग तिनेच पेन घेतलं आणि नव्या कॅमेऱ्यावर काट मारली. 1,30,000 कमी झाले. जुना कॅमेरा अजून दोन वर्षं सहज चालेल, म्हणाली, “खोली आणि उजेड बदलला की याच कॅमेऱ्याचे फोटो बदलतील.” प्रकल्प 6,70,000 वर आला, कर्ज 5 लाखांवर, हप्ता 10,871 वर. बरोबरीसाठी आता सात शूट पुरणार होते. इतक्या फायली केल्या, पण आवडीच्या यंत्रावर स्वतःच्या हाताने काट मारणारी माणसं मला फार थोडी भेटली.

गाळा शोधताना सांगलीत एक गोष्ट टाळून चालत नाही, ती म्हणजे कृष्णा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि मारुती चौक, स्टेशन रोड भागातले तळमजले बुडाले होते. 2005 आणि 2021 ही सालंही इथे कुणी विसरलेलं नाही. जुन्या पेठेत तळमजल्याचा एक गाळा स्वस्तात मिळत होता, छतही उंच. तिने सोडला. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याला पुराची भीती कमी, पण बाळंतिणीने जिना कसा चढायचा? शेवटी विश्रामबागेतच, मुख्य रस्त्यापासून आत, उंचावरच्या इमारतीत 26 फूट खोलीचा तळमजला ठरला. करार 11 महिन्यांचा न करता 60 महिन्यांचा केला आणि नोंदवून घेतला. कर्ज पाच वर्षांचं आणि जागा 11 महिन्यांची, हे बँकेला रुचत नाही, आणि पार्टिशनवर अडीच लाख घालणाऱ्यालाही रुचू नये.

बँकेचे अधिकारी पाहणीला आधी घरी आले. सरकवलेला सोफा, पलंगाखालचे कागदाचे रोल, खिडकीला लावलेला पांढरा पडदा त्यांनी पाहिला. विचारलं, “मॅडम, मोबाइलच्या जमान्यात फोटो स्टुडिओ चालेल का?” प्रश्न रास्त आहे. पासपोर्टचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, आधारचाही केंद्रावरच. त्या कामावर उभे असलेले जुने स्टुडिओ थकले, हे खरंच. तिने वाद घातला नाही. संगणकावर एका हळदीच्या पाकिटाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, एक व्यापाऱ्याने मोबाइलवर काढलेला, एक तिचा. मोबाइलच्या फोटोत पिवळा रंग नारिंगीकडे झुकला होता आणि प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकत होती. “हळद रंगावर विकली जाते, साहेब,” एवढंच ती म्हणाली. अधिकाऱ्यांनी त्या तिन्ही पेढ्यांची नावं लिहून घेतली आणि एकीला तिथूनच फोन लावला.

मंजुरी 5 लाखांची आली. मंजुरीपत्र घरी नेऊन सावकाश वाचावं, असं मी सगळ्यांना सांगते. तिच्या पत्रात तीन महिने हप्ता नव्हता, पण त्या काळाचं व्याज चालूच राहणार होतं. दिवे, लेन्स आणि संगणक बँकेकडे नजरगहाण, म्हणजे वापरायचे तिने, पण कर्ज फिटेपर्यंत विकायचे नाहीत. प्रत्येकाचा अनुक्रमांक यादीत. विमा बंधनकारक, आणि त्यात पुराचा समावेश आहे ना, हे आम्ही पॉलिसी उघडून पाहिलं. व्याजदर बदलता होता. अशा लघुउद्योग कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड 1 जानेवारी 2026 पासूनच्या मंजुरीला लावता येत नाही, म्हणून लग्नसराईत हात मोकळा असेल तेव्हा मुद्दल उतरवायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं.

शॉप अ‍ॅक्टसाठी फार धावपळ लागली नाही. 2017 च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम नोंदणीत फक्त पत्ता बदलला. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्यांना एक पैसा देऊ नका.

घरातून काम करणाऱ्या ज्या बायका हे वाचत असतील, त्यांना माझं एकच मागणं आहे. कर्ज आज नको असेल, कदाचित कधीच नको असेल. तरीही या आठवड्यात स्वतःच्या नावाने वेगळं खातं उघडा, क्यूआर कोड त्या खात्याचा लावा, रोख मिळालेले पैसेही तिथेच भरा आणि जुलैत विवरणपत्र भरा. ज्या दिवशी गाळा घ्यावासा वाटेल, त्या दिवशी बँक मागचं एक तरी वर्ष मागेल, आणि ते वर्ष मागाहून तयार करता येत नाही.