नाव काय लिहू?

आमच्या आदिलाबादेत 'मी अभिमानी आहे' असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, 'कोणत्या हिरोचा?' तेलुगूत अभिमानी म्हणजे चाहता. मराठीत हा शब्द मान ताठ ठेवून चालतो. इथं तो नव्या सिनेमाच्या दिवशी थिएटरपुढच्या कटआउटवर चढतो आणि हिरोच्या डोक्यावर दूध ओततो. सहीला तेलुगूत 'संतकम्' म्हणतात. माझ्या भाचीची लहानपणी समजूत होती की संतांनी केली तरच ती सही, बाकीचे नुसतं नाव लिहितात.

या भाचीला घेऊन मी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलनाला गेलो होतो. ९२ वं संमेलन, ११ ते १३ जानेवारी, अध्यक्ष अरुणा ढेरे. चाहत्यांचे मेळावे जगभर भरतात. अमेरिकेत सॅन दिएगोला १९७० पासून कॉमिक-कॉन भरतं, आपल्याकडे २०११ साली दिल्लीत सुरू झालं, पुढे मुंबई-हैदराबादला पोचलं. आमच्या गल्लीतली पोरं रंगीत केसांचे टोप पिशवीत घालून हैदराबादला जातात. मराठी माणसाचा असा मेळावा कोणता, तर साहित्य संमेलन. हे कबूल करायला आपल्याला जड जातं, कारण आपण तिथं परिसंवाद ऐकायला जातो असं घरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात परिसंवादाच्या मांडवात खुर्च्या रिकाम्या असतात आणि ग्रंथप्रदर्शनात पाय ठेवायला जागा नसते.

आदिलाबादहून यवतमाळ लांब नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, मग पांढरकवडा, पुढे यवतमाळ. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आम्ही नदीच्या अलीकडे राहिलो. आजोबांची शेतीच्या कागदांवरची सही उर्दूत आहे, उजवीकडून डावीकडे गेलेली, कारण ते निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत शिकले. काकांची मराठीत. भाची इंग्रजी शाळेत जाते, दुसरी भाषा तेलुगू. मराठी तिला बोलता येते, आणि दुकानाच्या पाट्या वाचाव्यात तशी अडखळत वाचता येते.

निघताना काका ओट्यावर बसले होते. म्हणाले, "फोटूबिटू काढत बसू नका. सही घ्या. पन कोनाची हाये ते इचारून घ्या, माह्यावानी नोका करू."

'माह्यावानी'ची हकिगत घरात सगळ्यांना पाठ होती. यवतमाळला याआधीचं संमेलन १९७३ साली झालं, अध्यक्ष गदिमा. काका तेव्हा पंचविशीत होते. एसटीनं गेले, बरोबर स्वाक्षरीची वही: वेगवेगळ्या रंगांची पानं, रुमालाएवढा आकार, पुठ्ठ्याला सोनेरी फुली. गर्दीत कुणीतरी ओरडलं, 'आले, आले.' काकांनी डोक्यांवरून वही पुढे सारली. वही हातोहात गेली, हातोहात परत आली, आणि गुलाबी पानावर सही होती. करणाऱ्याचा चेहरा काकांना दिसलाच नाही. सही अशी की पहिलं अक्षर 'ग' म्हणावं तर ग, 'म' म्हणावं तर म, पुढे एक लांब रेघ आणि शेवटी दोन ठिपके. काका आयुष्यभर सांगत आले, अण्णांची, म्हणजे गदिमांची आहे.

मी एकदा गदिमांच्या पुस्तकात छापलेली सही त्या पानाशेजारी धरून पाहिली होती. जुळली नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितो.

सहीचा हा मोठाच दोष. फोटोत निदान माणूस कोण ते कळतं. सहीवर भरवसा ठेवायचा म्हणजे घेणाऱ्याच्या शब्दावर ठेवायचा. काकांनीच तरुणपणी मुंबईच्या एका नटाला पत्र लिहून फोटो मागवला होता. खाली झोकदार सही करून आला. काकांनी बोट ओलं करून तिच्यावर फिरवलं, सही हलली नाही. छापील होती. फोटो मात्र खरा होता, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं काकांच्या दाढीच्या आरशाला खोचलेला होता.

यवतमाळात त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं, आणि उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झालं, त्याच जिल्ह्यातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या. पुस्तकांच्या गाळ्यांतही पुस्तक चाळता चाळता लोक त्यावरच बोलत होते. भाचीला त्यातलं थोडं कळलं, थोडं मी सांगितलं. तिचं लक्ष एका गाळ्याकडे होतं. तिथं एक लेखिका वाचकांना भेटत होत्या, आणि त्यांची एक गोष्ट मी भाचीला वाचून दाखवली होती. त्यांचं नाव देत नाही. पुढे जे झालं ते त्यांना आठवतही नसेल.

गाळ्यावर कार्यकर्ता उभा होता, गळ्यात बिल्ला, हातात पाण्याची बाटली. तो दर पाच मिनिटांनी ओरडत होता, "एकच मिळेल. सही नाहीतर फोटो. मागं रांग पाहा."

म्हणजे निवड करायची होती. रांग पाऊण तासाची. पुढे बघण्याशिवाय काम नव्हतं, म्हणून मी बघत राहिलो.

फोटोवाल्यांचं असं होतं. माणूस टेबलाशी पोचला की पहिल्यांदा नमस्कार करी, आणि दुसऱ्याच क्षणी लेखिकेकडे पाठ फिरवी. सेल्फी काढायची तर पाठ फिरवावीच लागते, त्याला इलाज नाही. ज्या चेहऱ्यासाठी पाऊण तास उभं राहिलो तो आता आपल्या खांद्यामागे, आणि आपण बघतोय आपल्याच हाताकडे. मग हात लांबवायचा, गुडघ्यात वाकायचं, कारण त्या बसलेल्या आणि आपण उभे. पहिला फोटो हलतो. दुसऱ्यात डोळे मिटतात. 'एकच, एकच अजून.' माझ्या पुढच्या एका गृहस्थांच्या फोटोत शेवटी त्यांचा कान, मांडवाची झालर आणि लेखिकेचं अर्धं कपाळ आलं. एका कॉलेजच्या मुलाच्या फोननं ऐन वेळी जागा संपल्याचं सांगितलं. तो उभ्या उभ्या जुने फोटो पुसायला लागला, कोणते पुसावेत ते त्याला ठरवेना, आणि रांग तापली. या सगळ्या काळात लेखिका हसू धरून होत्या. हसू धरून ठेवणं हे कष्टाचं काम आहे. गालांना ते तिसऱ्या मिनिटापासून जाणवत असणार.

सहीवाल्यांचं निराळं. पुस्तक हातात, आणि कुठलं पान उघडायचं ते माहीत नाही. कुणी मलपृष्ठ पुढे करी, कुणी मुखपृष्ठ. गुळगुळीत मुखपृष्ठावर जेलपेन चालवलं की शाई वर तरंगते, आणि बोट लागलं की सही फासते. टीपकागद आता कुणाजवळ नसतो. जाणते लोक आतलं नावाचं पान उघडून, अंगठ्यानं दाबून देत. लेखिका पुस्तक आपल्याकडे वळवून घेत, पेन टेकवत, आणि टेकवण्याआधी मान वर करून विचारत, "नाव काय लिहू?"

हा प्रश्न फोटोवाल्यांना कुणी विचारत नव्हतं. तिथं गरजच पडत नाही. पुतळ्याबरोबर काढला तरी फोटो तसाच निघतो.

परदेशातल्या मेळाव्यांत या दोन्ही गोष्टी विकत मिळतात, आणि वेगवेगळ्या मिळतात: सहीचे दाम निराळे, फोटोचे निराळे. फोटोसाठी पडदा लावलेला, फोटोग्राफर नेमलेला; आत जा, उभे राहा, लखलखाट, बाहेर. सहीच्या टेबलाशी एखाद-दुसरं वाक्य बोलायला मिळतं, म्हणून मुरलेले चाहते आधी सहीचा हिशेब करतात. आपण नाकं मुरडायचं कारण नाही. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि हरिजन फंडात टाकत. सहीला किंमत असते हे त्यांच्याइतकं रोखठोक दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल.

माझं स्वतःचं मत रांगेत असतानाच तयार झालं होतं. नट भेटला तर फोटो काढावा, कारण चेहरा हेच त्याचं काम. लेखक भेटला तर सही घ्यावी, कारण लिहिणं हे त्याचं काम, आणि हल्ली तोही सगळं टाइप करतो, तेव्हा हातानं लिहिलेलं तेवढंच मिळायचं. खेळाडूचं अजून ठरलेलं नाही. पण मत मी मनात ठेवलं. निवड भाचीची होती, आणि तेराव्या वर्षी मामानं सांगितलेलं ऐकायचं नसतं.

तिला फोटो हवा होता. कारणही बरोबर होतं: "मामा, साइन केलेलं पुस्तक फ्रेंड्सना दाखवलं तर त्या म्हणतील, तूच लिहिलं असशील." काकांच्या गुलाबी पानाचा सगळा इतिहास या एका वाक्यात आला. मला उत्तर सुचलं नाही.

आमच्या पुढे चार जण राहिले तेव्हा एका बाईंनी तोड काढली. स्वतः सहीला पुस्तक दिलं, आणि नवऱ्याला बाजूला उभं करून सही चालू असताना फोटो काढायला लावला. दोघींच्या माना खाली, मधे पुस्तक. मी डोकावून पाहिला. त्या दिवसभरातला तो सगळ्यांत चांगला फोटो असावा, कारण त्यात कुणी फोटोसाठी हसत नव्हतं. पण कार्यकर्त्यानं तो पाहिला आणि पुढच्यांसाठी तीही वाट बंद झाली.

आमची पाळी आली. भाचीनं फोन उघडून हातात धरलेला होता, पाठ फिरवायच्या बेतात. माझ्या हातात आम्ही घेतलेलं पुस्तक होतं. लेखिकांना कुणाला काय हवंय याचा आता हिशेब राहिला नसावा. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, पान उघडलं आणि भाचीकडे बघून विचारलं, "नाव काय लिहू, बाळ?"

भाचीचं नाव 'ज्ञ'नं सुरू होतं. आम्ही घरी ते मराठीसारखं म्हणतो, द-न-य एकत्र करून. शाळेत तेच 'ग्न्या' होतं. हजेरीत तेलुगूत लिहिलेलं, आधार कार्डावर तेलुगू आणि इंग्रजी, इंग्रजी स्पेलिंग 'जी एन'नं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांची पत्रिका आली की त्यावर 'डी एन' असतं, आणि लहानपणी तिला वाटायचं ही दुसरीच कुणी मुलगी आहे. अनोळखी माणसापुढे ती शाळेतलंच नाव सांगते. तेच तिनं सांगितलं: ग्न्या.

लेखिका थांबल्या नाहीत, परत विचारलं नाही, दुरुस्तीही केली नाही. त्यांनी सरळ 'ज्ञ' काढला, काना दिला, पुढची अक्षरं लिहिली, वर एक शिरोरेघ ओढली. खाली 'सस्नेह', सही, तारीख. सही वाचता येत नव्हती, हे सांगितलं पाहिजे. नाव मात्र छापल्यासारखं स्वच्छ.

भाचीनं फोन खिशात टाकला. पुस्तक छातीशी धरून बाजूला झाली आणि पान उघडून उभी राहिली. मी म्हटलं, चल, जेवणाची रांग वाढतेय. ती म्हणाली, "मामा, हे असं लिहितात?" म्हणजे तिचं नाव.

परतताना पांढरकवड्याच्या पुढे तिनं त्या पानाचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. तेव्हा सही आणि फोटो दोन्ही मिळाले म्हणायला हरकत नाही. घरी आल्यावर काकांनी पुस्तक डोळ्यांशी धरलं, सही बराच वेळ पाहिली, आणि विचारलं, "कोनाची हाये?" भाचीनं लेखिकेचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "तेवढं खाली पेन्सिलीनं लिहून ठेव." तिनं लिहिलं. इंग्रजीत.

संमेलनाला गेलात तर आपलं पेन न्या. साधं बॉलपेन, जेल नको. मुखपृष्ठ पुढे करू नका, आतलं पान उघडून अंगठ्यानं दाबून द्या, आणि घरी आल्यावर सहीखाली पेन्सिलीनं लेखकाचं नाव लिहा, मुलांना उपयोगी पडेल. हल्ली काही ठिकाणी कार्यकर्ते वेळ वाचावा म्हणून आपलं नाव आधीच चिठ्ठीवर लिहून घेतात आणि पुस्तकाला चिकटवून देतात. ती चिठ्ठी तेवढी काढून खिशात घाला. विचारू द्या.