डिंक नव्हे, निरोप्या

मज्जापेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिची लांब तार, कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंतही जाऊ शकते. गर्भात तिला वाट कोण दाखवतं? वाढत्या तारेच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने तो १८९० मध्ये पहिल्यांदा टिपला. पंजातून बारीक बोटं निघतात, चाचपडतात, आखडतात, पुन्हा निघतात. अंधाऱ्या जिन्यात भिंतीला हात लावत उतरावं, तसं.

या पंजावर एन-कॅम, एल-१, एन-कॅडहेरिन असे चिकट रेणू असतात. शेजारच्या पेशीवर आपलाच जातभाई भेटला की ते त्याला बिलगतात. आधी त्यांना नुसता डिंकच समजत. पण पकड बसताच पेशीच्या आत निरोपही जातो. १९९०च्या दशकात लंडनमध्ये पॅट्रिक डोहर्टी आणि फ्रँक वॉल्श यांच्या गटाने त्याचा माग काढला. हे रेणू पेशीपटलातल्या, एफजीएफ या वाढ-रेणूचा निरोप झेलणाऱ्या ग्राहीला जागं करतात. (हा ग्राही मुळात वेगळ्याच पाहुण्याची वाट पाहत बसलेला, मला ही उसनवारी फार आवडते.) मग पटलातल्या स्निग्ध पदार्थांचे तुकडे पडतात, कॅल्शियम आत झिरपतं आणि तार लांबते. मात्र कॅल्शियम बेताचंच हवं. फार झालं तरी वाढ थांबते.

या चिकट रेणूंपैकी एल-१चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्यात बिघाड झाला तर मुख्यतः मुलग्यांमध्ये मेंदूत पाणी साठतं, मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल नीट बांधला जात नाही आणि हाताचे अंगठे तळव्यात दुमडलेले राहतात.