या कोर्टाची पायरी मात्र चढावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. जमिनीच्या वाटणीचे दावे लढवून रक्तदाब वाढवून घेतलेले रुग्ण मी भोरमध्ये पुष्कळ पाहिले असल्याने त्या म्हणीशी माझे भांडण नाही. आजचे कोर्ट वेगळे आहे. टेनिसचे, बॅडमिंटनचे, आणि पुण्याहून सुट्टीला येणारी नातवंडे ज्याचे नाव हल्ली घेतात त्या पिकलबॉलचे.

मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज चालत जा’ असे सांगणे डॉक्टरला सोपे असते. पहिला महिना उत्साहात जातो. मग पाऊस लागतो, घरात पाहुणे येतात, लग्नसराई येते आणि चालणे सुटते. सुटले तरी कोणाला कळत नाही, कारण रस्त्यावर आपली वाट पाहणारे कोणी नसते. खेळाचे तसे नाही. चौघांचा डाव ठरलेला असेल आणि एक जण आला नाही, तर सव्वासहाला त्याचा फोन वाजतो. माझ्या मते खेळातले खरे औषध हेच.

‘आम्ही कष्टकरी माणसे, आम्हाला व्यायाम कशाला?’ असे अनेक जण विचारतात. वेल्ह्याकडे दिवसभर चिखलात वाकून भातलावणी करणाऱ्या बाईला रॅकेट नको, विश्रांती आणि पोटभर जेवण हवे, हे मला मान्य आहे. पण दुकानदार, कारकून, शिक्षक, पेन्शनर यांचे काय? रविवारी पुण्याची माणसे येऊन तोरणा चढून जातात आणि पायथ्याचे आपण कोपऱ्यावरून पान आणायला मोटारसायकल काढतो!

डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात सुमारे साडेआठ हजार माणसांवर पंचवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य सरासरी 9.7 वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे 6.2 वर्षांनी अधिक दिसले. सायकल, पोहणे, धावणे यांचा फायदा तीन-साडेतीन वर्षांच्या आसपास होता. यावरून टेनिसने दहा वर्षे मिळतात असा हिशेब कृपया कोणी मांडू नये. टेनिस खेळणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, त्याचाही हा परिणाम असू शकतो. पण सोबतीने खेळण्याचे खेळ वरच्या क्रमांकावर आले, ही गोष्ट त्या संशोधकांनीही मुद्दाम नमूद केली.

मला ती पटते, कारण मी रोज उलटी बाजू पाहतो. मुले पुण्या-मुंबईला, मोठ्या घरात दोघेच, कधी एकटेच. असे काही रुग्ण दर आठ दिवसांनी रक्तदाब मोजायला येतात. तो ठीक असतो, मागच्या आठवड्यातही ठीकच होता. त्यांना माझ्या गोळीपेक्षा दहा मिनिटांच्या गप्पा हव्या असतात, आणि बाहेर रांग असल्याने त्या मला देता येत नाहीत. एकटेपणाने झोप जाते, जेवणाची वेळ चुकते, गोळ्या विसरतात. त्यावर चिठ्ठी लिहून देण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

खेळ बदलता येतो, हेही ध्यानात घ्यावे. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. मग ते बॅडमिंटनकडे वळले, 1956 साली परदेशातील स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि 1961 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. चिरंजीव गौरव यांनी 1994 च्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर टेनिस दुहेरीचे सुवर्ण मिळवले, आणि आता ते पिकलबॉलच्या प्रसारात आहेत. बॅडमिंटनला इंग्रज पूर्वी ‘पूना’ म्हणत, तेव्हा हा खेळ आपल्याला परका मानायचे कारण नाही.

पिकलबॉल 1965 साली अमेरिकेत तीन मित्रांनी घरच्या मंडळींसाठी काढला. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, त्यावरच. म्हणून त्याचेही माप 44 बाय 20 फूट. जाळी मधोमध 34 इंच, चेंडू भोकांचा प्लॅस्टिकचा, सर्व्हिस कमरेखालून. जाळीजवळच्या सात फुटांत उभे राहून चेंडू हवेत मारता येत नाही, त्यामुळे तगड्या माणसाची दांडगाई चालत नाही. आट्यापाट्या खेळलेल्यांना रेषेचे भान शिकवावे लागणार नाही. टेनिसएवढी धावपळ नसल्याने साठीच्या माणसाला हा खेळ झेपतो. शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा मारून काम भागते. सुरुवातीच्या बॅटी प्लायवूडच्याच होत्या, आपला सुतारही कापून देईल. पावसाळ्याचे काय, असे विचाराल. चातुर्मासात लग्ने नसतात आणि मंगल कार्यालये रिकामी असतात, मालकाशी बोलून पाहावे. फरशी गुळगुळीत असेल तर मात्र नको. आणि बायकांची वेळ आधी ठरवावी, उरलेली पुरुषांनी घ्यावी. एरवी त्यांच्या वाट्याला वेळच उरत नाही.

आता सावधगिरी. चाळिशी उलटलेल्याने वीस वर्षांनी एकदम कोर्टावर उतरू नये. आधी तीन-चार आठवडे चालण्याची सवय करावी. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल तर आधी तपासून घ्यावे. खेळताना बोलता आले पाहिजे; बोलता येत नसेल तर जोर जास्त होतो आहे. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. चप्पल घालून किंवा अनवाणी खेळू नये.

डोक्यावरून गेलेला चेंडू घ्यायला उलटे पळू नये; या वयात मनगट मोडते ते असेच. वळून पळावे, नाहीतर गुण सोडून द्यावा. ‘कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटले’ आणि मागे पाहिले तर कोणीच नाही, अशी तक्रार असेल तर टाचेमागची कंडरा तुटलेली असू शकते. ती चोळून घेऊ नये, त्याच दिवशी दाखवावी. कोपर दुखू लागले तर खेळ थांबवावा, मात्र ‘टेनिस एल्बो’ म्हणतात तो विकार माझ्याकडे धुणे पिळणाऱ्या बायकांत आणि सुतारांतच जास्त दिसतो. डोळ्याला फूल किंवा चेंडू लागला, तर नजर ठीक वाटली तरी डोळे तपासून घ्यावेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, तर लगेच ती तोंडात टाकावी आणि डाव तिथेच थांबवावा. पुडी कोणत्या खिशात आहे, हे बरोबरच्या तिघांनाही आधी सांगून ठेवावे.