गोल चट्टा दिसला म्हणजे गजकर्णच?

कुत्र्याच्या कानामागे किंवा नाकाडावर केस गेलेला रुपयाएवढा गोल चट्टा दिसला, की घरातच निदान होऊन जातं: नायटा! मग मुलांना कुत्र्याजवळ फिरकू द्यायचं नाही, त्याची गादी गच्चीत टाकायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर उपाय विचारायचे. या धांदलीत मूळ प्रश्न राहूनच जातो, तो म्हणजे हे गजकर्ण आहे तरी का? कुत्र्यांमध्ये गोल चट्टा उठण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यात गजकर्णाचा नंबर पहिला नाही.

पहिला नंबर बहुतेक वेळा जिवाणूंच्या संसर्गाचा. केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, फुटतात आणि कडेने कातडीचा पापुद्रा गोल सुटत जातो. पाहणाऱ्याला तो हुबेहूब नायटा वाटतो. पिल्लांमध्ये डोळ्यांभोवती, ओठांशी, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडलं असेल, तर डेमोडेक्स नावाच्या किडीचा संशय आधी घ्यावा लागतो. ही सूक्ष्म कीड केसाच्या मुळाशी राहते, कातडी खोलवर खरवडून ती खरड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की सिगारच्या आकाराची दिसते आणि माणसाला होत नाही. या तिघांची औषधं पूर्ण वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, उलट अपाय करू शकतं.

गजकर्ण ही बुरशी. कातडीचा वरचा मृत थर, केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्यावर ती जगते. त्यामुळे ‘जंताचं औषध वेळच्या वेळी देतो, सगळ्या लसीही झाल्यात, मग झालंच कसं?’ या प्रश्नाला अर्थ नाही. जंताच्या गोळीचा बुरशीशी संबंध नाही आणि कुत्र्याला दरवर्षी टोचल्या जाणाऱ्या लसींमध्ये गजकर्णाविरुद्ध काहीही नसतं.

‘रस्त्यावरच्या कुत्र्याला हुंगलं असणार’ हाही ठरलेला तर्क. कुत्र्यांना गजकर्ण देणारी मुख्य बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस. नावात कुत्रा असला तरी तिचं खरं बिऱ्हाड मांजराकडे असतं, त्यातही लांब केसांच्या पर्शियन मांजरांकडे. मांजराच्या अंगावर चट्टा दिसत नसतानाही ते केसांतून बीजाणू वाहू शकतं. दुसरी बुरशी, नॅनिझिया जिप्सिया, मातीत राहते. नाक खुपसून अंगण उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकाडावर आणि पंज्यांवर ती पहिल्यांदा दिसते. तिसरी उंदीर-घुशींकडून येते. पार्लरमध्ये एकामागून एक कुत्र्यांवर फिरणारा न धुतलेला ब्रश हाही एक रस्ता आहे, आणि त्याची चौकशी कुणी करत नाही. सगळा आळ बिचाऱ्या गल्लीतल्या मोत्यावर.

खाजेबद्दलचा समज तर नेमका उलटा आहे. माणसाला नायटा झाला की खाजवून जीव नकोसा होतो, म्हणून लोक कुत्र्यातही तेच शोधतात. पण कुत्र्याच्या गजकर्णाला खाज बरेचदा कमी असते, कधी नसतेच. केस तुटलेले, कातडीवर राखेसारखा कोंडा, कडेला थोडी लाली, आणि कुत्रा मात्र मजेत. रात्रभर खाजवून घर जागं ठेवणारा कुत्रा असेल तर खरूज, पिसवा किंवा अ‍ॅलर्जी यांचा विचार आधी करायचा.

आता तपासणी. ‘डॉक्टरांनी निळा दिवा मारला, काही चमकलं नाही, म्हणजे गजकर्ण नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. हा वुड्स लॅम्प. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची काच तयार केली आणि केसांतली बुरशी ओळखायला तो १९२५ पासून वापरात आला. वर सांगितलेल्या तीन बुरशींपैकी या दिव्याखाली फक्त मायक्रोस्पोरम कॅनिस चमकते. मातीतली आणि उंदरांकडची चमकत नाही. शिवाय खरी चमक असते ती केसाच्या दांडीवर, कच्च्या सफरचंदासारखी हिरवी. कोंडा, साबण, मलम हेही या उजेडात निळसर-पांढरे चमकतात आणि फसवतात. म्हणून चट्ट्याला काहीतरी फासून कुत्र्याला दवाखान्यात नेलं, की डॉक्टरांचं काम अवघड होतं.

खात्रीची तपासणी त्यामानाने साधी, पण वेळखाऊ. एक नवा, पाकिटातून काढलेला टूथब्रश घेतात. आधी निरोगी दिसणाऱ्या अंगावरून आणि शेवटी चट्ट्यावरून तो विंचरल्यासारखा फिरवतात, मग ब्रशचे दाते बुरशी वाढवण्याच्या पिवळ्या माध्यमावर हलके टोचतात. गजकर्णाची बुरशी असेल तर काही दिवसांत पांढुरकी कापसासारखी वाढ दिसते आणि त्याच सुमारास भोवतीचं माध्यम लाल होतं. मात्र लाल रंग म्हणजे निकाल नव्हे. हवेतल्या इतर बुरशाही पुढे माध्यम लाल करतात, तेव्हा वाढ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागते. अहवालाला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. तोवर उपटलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा.

यापेक्षा मेडिकलमधली ट्यूब सोपी वाटते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. आपल्याकडे नायट्यावर सर्रास खपणाऱ्या ट्यूबांमध्ये बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड यांची खिचडी असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्या जागची प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून बुरशी आतून पसरत राहते आणि तिचा चेहरामोहरा बदलून ती ओळखूही येईनाशी होते. चट्टा डेमोडेक्सचा असेल तर स्टेरॉइड म्हणजे किडीला मोकळं रान. वर कुत्रा ते मलम चाटतो, म्हणजे औषध पोटातही जातं. स्टेरॉइडची अशी अनेक मलमं केंद्र सरकारने २०१८ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय होतं ते तुम्ही जाणता.

घरगुती उपायांवर फार शाई खर्च करायला नको. गॅरेजमधलं जळकं ऑइल कुत्र्याच्या अंगाला चोपडणं हा खेडोपाडीचा जुना प्रकार. रॉकेल आणि ऑइल चाटलं की उलट्या होतात, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. फिनेलने कातडी भाजते. टी ट्री ऑइल ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, पण कुत्र्यांना ते विषारी आहे. कापूरही नको.

उपचाराच्या बाबतीत मोठा गैरसमज असा, की दिसतोय तेवढ्या चट्ट्यावर मलम लावलं की झालं. बीजाणू अंगभर केसांत विखुरलेले असतात. म्हणून पशुवैद्य साधारण आठवड्यातून दोनदा संपूर्ण अंगाला मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिन असलेल्या शांपूची आंघोळ सांगतात. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा असतो; लगेच पाणी ओतलं तर शांपूचे पैसे नाल्यात. जोडीला पोटातून इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिन. ग्रिसिओफुल्विन हे जुनं औषध आता मागे पडलंय, आणि गाभण कुत्रीला ते मुळीच द्यायचं नसतं. माणसांच्या गोळ्या अंदाजाने अर्ध्या करून देण्याचा उद्योग करू नका. मात्रा वजनावर ठरते आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. सरसकट मशीन फिरवून कुत्र्याला गुळगुळीत करण्याचीही गरज नसते. मशीनने कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि बुरशी पसरायला मदत होते. फार झुपकेदार केस असतील तर बोथट टोकाच्या कात्रीने कापून घ्यावेत.

‘आपोआप बरं होतं’ हे मात्र अर्धं खरं आहे. धडधाकट कुत्रा काही महिन्यांत स्वतःहून बरा होऊ शकतो. अडचण एवढीच, की तोवर तो घरभर बीजाणू गाळत फिरतो.

आणि केस उगवले म्हणजे काम संपलं असंही नाही. कातडी चांगली दिसू लागल्यावरही बुरशी केसांत शिल्लक असू शकते. उपचाराला सहा आठवडे ते अडीच महिने लागणं नेहमीचं आहे, आणि तो कधी थांबवायचा हे पुन्हा त्याच टूथब्रशच्या तपासणीवर ठरतं. लागोपाठ दोन अहवाल निगेटिव्ह यावेत हा जुना संकेत. निरोगी कुत्रा दिसायलाही पूर्ण बरा झाला असेल, तर एकावरही डॉक्टर समाधान मानतात.

घराची धास्ती लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. बीजाणू कोरड्या जागी वर्षभराहूनही अधिक टिकू शकतात हे खरं, पण ते भिंतीत किंवा फरशीत वाढत नाहीत. केसांबरोबर येतात आणि केसांबरोबर जातात. म्हणून आधी केस गोळा करा, व्हॅक्यूम किंवा ओल्या फडक्याने. कोरड्या झाडूने ते हवेत उडतात. मग साबणाच्या पाण्याने फरशी धुवा आणि शेवटी एक भाग घरगुती ब्लीच, बत्तीस भाग पाणी. ब्लीचमध्ये फिनेल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, आणि ते कुत्र्याच्या अंगाला लावू नका. चादरी, पट्टे, गादीची खोळ मशीनमध्ये कोंबून न भरता दोनदा धुतली की पुरे. गच्चीत टाकलेली गादी परत आणता येते. पिल्लाला मात्र महिनाभर बाथरूममध्ये डांबू नका. ज्या वयात ते माणसांना ओळखायला शिकतं ते वय निघून जातं, आणि भित्रा कुत्रा कायमचा पदरी पडतो. सहज धुता येईल अशी खोली द्या, हात धुवा, त्याच्याशी खेळा.

राहिला माणसांचा प्रश्न. कुत्र्याचं गजकर्ण माणसाला होतं, लहान मुलांना, वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लवकर. पण घरात कुणाला नायटा झाला की दोष कुत्र्यालाच, हे बरोबर नाही. गेल्या काही वर्षांत भारतात माणसांमध्ये जो हट्टी नायटा फैलावलाय, त्यामागे मुख्यतः ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं. ती माणसाकडून माणसाला, टॉवेल-कपड्यांतून पसरते आणि टर्बिनाफिनलाही अनेकदा दाद देत नाही. तेव्हा घरात कुणाच्या अंगावर चट्टा उठला तर त्वचारोगतज्ज्ञांना घरात कुत्रा किंवा मांजर आहे हे सांगा, आणि पशुवैद्यांना घरात कुणाला चट्टा आहे हे सांगा.