जुन्या सर्व्हरला टिकाऊ प्रणाली

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या एखाद्या शाळेत, ग्रंथालयात वा पतसंस्थेत दहा-बारा वर्षांपूर्वीचा सर्व्हर अद्याप राबताना दिसला, तर त्यात नवल नाही. चालते यंत्र मोडीत का काढावे, हा कार्यालयाचा सवालही रास्तच आहे. तथापि यंत्र चालते म्हणून त्यावरील प्रणाली सुरक्षित आहे, असे मात्र नव्हे. विद्यार्थ्यांचे दाखले आणि सभासदांची खाती ज्या प्रणालीच्या हवाली करावयाची, तिच्यातील सुरक्षेच्या उणिवा किती वर्षे दुरुस्त होत राहणार, हाच निवडीचा पहिला निकष असावयास हवा.

‘सेंटओएस’ या विनामूल्य लिनक्स प्रणालीची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने धोरण बदलले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजीच ती मदत थांबली. सातवी आवृत्तीही ३० जून २०२४ रोजी निवृत्त झाली. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कोणाचे तरी धोरण असते, हे विसरून चालत नाही.

मग नवीनतम आवृत्ती घ्यावी काय? तेथे अडचण यंत्राचीच आहे. २०२५ साली आलेली रेड हॅटची दहावी आवृत्ती २०१३ पूर्वीच्या प्रोसेसरांवर चालत नाही. ‘अल्मालिनक्स’ने दहाव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी सोय ठेवली आहे, तिच्या नवव्या आवृत्तीला तर २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. कोणा एका कंपनीच्या मर्जीवर विसंबायचे नसेल, तर १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेली ‘डेबियन’ आहेच. तिच्या आवृत्तीला सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, आणि जुन्या ६४-बिट यंत्रांना ती सामावून घेते. ३२-बिट यंत्रावर मात्र २०२५ची तेरावी आवृत्ती बसविता येत नाही. अशा यंत्राला सन्मानाने निरोप देणेच शहाणपणाचे.

अर्थात, उत्तम प्रणालीही झिजलेल्या डिस्कला वाचवू शकत नाही; नोंदींची प्रत अन्यत्र ठेवलीच पाहिजे. डेडस्टॉक रजिस्टरात यंत्राच्या खरेदीची तारीख असतेच. त्याच ओळीत प्रणालीच्या निवृत्तीची तारीखही लिहिण्याचा दंडक प्रत्येक संस्थेने घालून घ्यावा. त्याला खर्च काहीच नाही, केवळ जागरूकता हवी.